टेपावरचं आढं

बबन भालेरावाच्या नाकाला सबंध उमेदीत एकच वास ठाऊक होता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो फिटर होता. सुटीच्या दिवशी साबण चोळून अंघोळ केली, वर पावडर थापली आणि लग्नाला जाऊन बसला, तरी शेजारचा पाहुणा हळूच खुर्ची सरकवायचा. रिटायर झाला तेव्हा त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि छातीतली घरघर तर आधीच मिळालेली होती. मग बदलापूर गावातल्या दोन खोल्यांत तो दिवसभर खोकत बसायला लागला. शेवटी बायको शीला म्हणाली, "अहो, जरा बाहेर तरी जाऊन या. भिंतीसुद्धा कंटाळल्या तुमच्या खोकण्याला."

तो बाहेर पडला तो थेट टेपावर गेला.

टेप म्हणजे बारवी धरणाच्या अंगाला, बेहडेवाडीच्या डोक्यावरचा जंगलातला उंचवटा. कागदावर त्याला गट नंबर होता, पण वाडीतली ठाकर मंडळी त्याला येसकराचं टेपच म्हणायची. येसकर म्हणजे बबनचा आजा. गावाची राखण करायची, मेलेली ढोरं ओढायची, साहेबाचं ओझं पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून न्यायचं, आणि ह्या सगळ्याच्या बदल्यात शिळ्या भाकरीशिवाय काही मिळालं असेल तर हे टेप. नुसते दगड आणि झाडं. जे कुणालाच नको होतं ते आजाच्या वाट्याला आलं. आजा गेला, बाप गेला, थोरला भाऊ गेला, पण तिथं कुणी कुदळ मारली नव्हती. बबन स्वतःसुद्धा लहानपणी एकदा बापाच्या खांद्यावर बसून आला होता, तेवढंच.

गाडीरस्ता वाडीपाशी संपला. तिथून पुढं चढण. बबन घडीघडीला झाडाला टेकत, छातीवर हात दाबत, स्वतःलाच शिव्या घालत वर पोचला, आणि त्याच्या तोंडून "आयला!" एवढंच बाहेर पडलं.

ऐन, किंजळ, मोह, आणि त्यांच्या मधोमध एक बेहडा. तीन माणसांनी हातात हात धरले असते तरी त्याचा बुंधा कवेत आला नसता. बबनची मान वर वर जात राहिली आणि टोपी मागं पडली, तरी शेंडा दिसेना. डाव्या हाताला खोल खाली बारवीचं पाणी. उजवीकडं, झाडांच्या फटीतून, पार पलीकडं चंदेरीचा सुळका. करवंदाला फूल आलं होतं आणि त्याचा गोड वास अंगावर येत होता. बबनला वाटलं, आपले कान बसले. इतकं शांत त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मग एक पान गळलं, फांदीवर आपटलं, खाली पडलं, आणि ते पडल्याचं त्याला ऐकू आलं. आपण चपला काढून उभे आहोत, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"हे आपलं?" तो मोठ्यानं म्हणाला. त्याला रडूच आलं. तिथं बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं ते येऊ दिलं.

घरी येऊन तो शीलाला म्हणाला, "तिथं खोप बांधायची. एक खोली, एक ओटी. बस."

"कशानं बांधणार? पेन्शनीनं?"

"हातानं," बबन म्हणाला.

पण टेप एकट्या बबनचं नव्हतं. निम्मं होतं थोरल्या भावाच्या मुलाचं, विक्रांतचं. विक्रांत उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सिंधी शेठकडे कामाला होता. पोरगा वाईट नव्हता, पण बाजारात राहून प्रत्येक वस्तूकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यानं बघायची त्याला खोड लागली होती. तो म्हणाला, "काका, त्या जंगलात काय बिबट्याला चहा पाजणार? माझ्याकडे पार्टी आहे, फार्महाऊसवाली. फालतूमध्ये पडून आहे जमीन."

"पडून नाही राहणार. मी बांधतोय."

"बोलतात सगळेच. चला, एक काम करू. पावसाच्या आत छप्पर उभं करा. झालं ना, तर माझा हिस्सापण तुम्हीच वापरा, मी तोंड नाही उघडणार. नाही झालं, तर मग सही करायची. एकदम शांतीत."

"करीन सही," बबन म्हणाला. शीलानं कपाळावर हात मारून घेतला.

होळी झाली आणि काम सुरू झालं. थोडक्यात भागवायचं म्हणजे सगळं जुनंच. खांबांना कंपनीच्या भंगारातले पाइप. दारं-खिडक्या उल्हासनगरच्या जुन्या सामानातल्या, एक हिरवी, एक पिवळी, आणि एका दारावर अजून ‘डॉक्टर आत आहेत’ अशी पाटी. पत्रे कुणाच्या तरी पाडलेल्या शेडचे. भिंती कारवीच्या कुडाच्या घालायच्या, वर शेणमातीचा गिलावा. टेम्पो वाडीपर्यंत यायचा, तिथून सगळं डोक्यावरून. शीला खिडकी डोक्यावर घेऊन चढायची, आणि खिडकीच्या चौकटीतून तिचा लाल झालेला चेहरा दिसायचा. बबन हसायचा, मग खोकायचा. खोप कुठं बांधायची ह्यावर त्यानं फार विचार केला, पण एकाही झाडाला कुऱ्हाड लावायची त्याची छाती होईना. शेवटी बेहड्याच्या पुढ्यात झाडांनी जेवढी जागा सोडली होती, तेवढ्याच मापाचं घर ठरलं.

एके दिवशी सकाळी तो खांबासाठी खड्डा खणत होता. कातळ लागला होता, पहार ठणठण उडत होती. इतक्यात खालून माणसं चढून आली. पुढं चांगो, वाडीतला सगळ्यात थोराड माणूस, खांद्यावर पहार. मागं त्याची बायको बुधी, मुलगा साईनाथ, आणखी घरटी एकेक.

"येसकराचा ना तू?" चांगो म्हणाला. "घर बांधतोस, आन सांगत नायस?"

एवढंच बोलून त्यानं बबनच्या हातातली पहार बाजूला सारली आणि स्वतःची मारली. दुपारपर्यंत सगळे खड्डे झाले. बायकांनी ओढ्यातले दगड वर आणून जोत्याला लावले. बबन ओळंबा धरून नुसता इकडून तिकडं पळत होता. कंपनीत एक वॉल्व्ह बदलायचा तर चार सह्या लागायच्या, आणि इथं न सांगता, न बोलावता घराचा पाया उभा राहिला. त्याचं मन भरून आलं होतं.

आणि इथंच बबननं माती खाल्ली.

दिवस मावळताना त्यानं सगळ्यांना ओळीत थांबवलं, खिशातून पाकीट काढलं, आणि एकेकाच्या हातात नोट ठेवली. बाप मरताना सांगून गेला होता, बबन्या, तुझ्या आजानं जन्मभर फुकट घाम गाळला. कुणाच्या घामाला फुकट हात लावू नकोस. बबननं ते कधी मोडलं नव्हतं. घरी प्लंबर आला तरी तो पैसे आधी काढून ठेवायचा. तेव्हा नोटा वाटताना त्याला वाटत होतं की आजा आता कुठून तरी बघत असेल.

चांगोनं नोट उलटीपालटी करून बघितली. बबनकडे बघितलं. कमरेला खोचली आणि उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी निम्मीच माणसं आली. बबनला वाटलं, रोज कमी पडला. त्यानं वाढवून दिला. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही.

"बघितलंस?" तो शीलाला म्हणाला. "जंगलात राहून पण माणूस लोभी होतो."

शीलाला ते पटलं नव्हतं. पैसे हवे असलेला माणूस पैसे वाढवल्यावर पळतो कशाला, एवढं तिला कळत होतं.

त्यानंतर दोघंच. एकेक पाइप दोरीनं ओढून उभा करायचा, टेकू द्यायचा, सिमेंट ओतायचं, ओळंबा सोडायचा. हाताला फोड यायचे, फुटायचे, परत यायचे. उन्हं तापली. मोहाची फुलं सरली, करवंदं काळी पडली. रोज संध्याकाळी अंग मोडून निघायचं, तरी बबन परत जायच्या आधी बेहड्याखाली बसून राहायचा. हळद्या पक्षी शीळ घालायचा. खाली धरणाचं पाणी आधी पिवळं आणि मग काळं व्हायचं. "शीला, इतकी वर्षं हे इथंच होतं गं," तो म्हणायचा. "आपण तिथं पाइप आवळत होतो, आणि हे रोज इथं चाललं होतं." तिलाही ते बघून गहिवरून यायचं, पण ती म्हणायची, "चला आता, शेवटची रिक्षा जाईल."

रोहिणी लागल्या तेव्हा खांब उभे होते आणि वर काहीच नव्हतं. आढं राहिलं होतं. घराच्या मधल्या खांबांवर लांबच्या लांब जे लाकूड बसतं, ज्याच्यावर सगळं छप्पर पेलतं, ते. विक्रांतनंच ते मिळवून दिलं. उल्हासनगरात एक जुनं घर पाडलं होतं, त्यातली सागवानी तुळई. "शेठला बोललो, माझ्या काकाला पाहिजे. भंगारात टाकून दिली," तो म्हणाला, आणि स्वतः टेम्पोत बसून घेऊन आला. जमीन विकायची घाई असलेला माणूस छपराचं लाकूड घेऊन येतो, असा तो पोरगा होता.

तुळई वाडीपाशी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि मग कळलं की ती काय चीज आहे. ड्रायव्हर, विक्रांत आणि बबन, तिघांनी मिळून एक टोक उचललं. गुडघ्यापर्यंत आलं. बबनच्या छातीत कळ गेली, हात सुटले आणि तो धुळीत बसला. खोकला थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. वाडीच्या ओट्यांवर माणसं बसली होती, चांगो विळ्याला धार लावत होता. सगळे बघत होते. कुणी उठलं नाही. बबनला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कापून दोन तुकडे करू," विक्रांत म्हणाला.

"तुकड्याचं आढं मधे वाकतं. पहिल्या पावसाळ्यात घर बसेल."

"मग सोडा ना काका. कशाला जिवाला ताप? पंधरा दिवसांनी, रविवारी पार्टी येतेय."

बबननं बदलापूर स्टेशनच्या नाक्यावरून मजूर आणले. त्यांनी तुळईकडं बघितलं, चढणीकडं बघितलं. एकजण म्हणाला, "चाचा, इसके लिए क्रेन बुलाओ." चहा पिऊन गेले. क्रेन तिथं चढणार होती थोडीच!

त्या दिवशी शीला वाडीच्या विहिरीवर पाणी भरायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा कळशी ठेवून ती बबनच्या समोर बसली.

"बुधीशी बोलले मी. काय म्हणाली ऐकायचंय?"

"अजून वाढवून द्या म्हणाली असेल."

"गप बसा जरा. ती म्हणाली, घर बांधायला, बांध घालायला, लावणीला आमी सावडीनं जातो. आज तुझ्या कामाला आमी, उद्या आमच्या कामाला तू. त्याचे दाम घेत नाय कुनी. तुझ्या मान्सानं पैल्याच दिशी हातावर दाम ठेवला आन मोकळा झाला. म्हंजे उद्या आमच्या बांधावर त्याला पाय टाकाया नको, आमच्यात बसून भाकर खाया नको. कंपनीवाला मानूस. आमी खालचे, असंच ना?"

बबन उठून उभा राहिला.

"मी?" तो म्हणाला. "मी त्यांना खालचे समजतो? मी? येसकराचा नातू?"

त्याला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता तो रडायलाच लागला. काय म्हणावं ह्याला! ज्या आजाला लोकांनी वेशीबाहेर बसवून भाकर वरून टाकली, त्याच्याच नातवानं नोटा वरून टाकल्या होत्या, आणि वर छाती फुगवून आजाला आठवलं होतं. शरमेनं त्याचे कान तापले. बापाचं वाक्य त्यानं शब्दाला शब्द पाळलं होतं, आणि समोरचं माणूस मात्र बघितलं नव्हतं.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"चांगोचा बांध मागच्या पावसात फुटलाय. मी उद्या दगड-माती टाकायला जातेय. यायचं असेल तर या. पाकीट घरी ठेवा."

तो गेला. चांगोनं त्याला येताना बघितलं, तंबाखू थुंकली, आणि काही न विचारता समोर रिकामी पाटी टाकली. बबनला वाटलं होतं, वय बघून, छाती बघून हा आपल्याला सावलीत बसवील, दोरी-बिरी वळायला देईल. कसलं काय! साईनाथनं पाटी दगडांनी काठोकाठ भरली आणि त्याच्या डोक्यावर दिली. मान खांद्यात गेली. सुकलेल्या खाचरातली ढेकळं पायाखाली फुटत होती, तळपाय भाजत होते, गळ्याखालून घाम पाठीला जात होता. दुसऱ्या खेपेला श्वास पुरेना. तिसऱ्या खेपेला तो मधेच उभा राहिला.

"दमला असशील तं बस," चांगो म्हणाला.

"तू बसलास का?"

"नाय."

"मग कशाला सांगतोस?" बबन म्हणाला आणि चालायला लागला. चांगो पहिल्यांदा हसला.

दुपारी मोहाखाली सगळी गोल बसली. नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी. बुधीनं भाकर बबनच्या हातावर ठेवली. तो ती हातात धरून बसून राहिला. आजाच्या गोष्टी त्याला बापानं सांगितल्या होत्या, कधी हसत, बहुतेक वेळा न हसता. त्याला वाटलं, आजाला आत्ता इथं आणून बसवावं, चांगो आणि साईनाथच्या मधे.

"बघतोस काय तिच्याकडं?" बुधी ओरडली. "खा मुकाट्यानं. निम्मा बांध हाय आजून."

सगळी हसली. बबननं भाकरीचा घास मोडला. तसली भाकर त्यानं जन्मात खाल्ली नव्हती.

बांध झाला. मग शेजारच्या घराचा गोठा शाकारायचा होता, तिथं तो गेला. मग एका म्हातारीची लाकडं रचायची होती. मग खत वाहायचं होतं. रोज वेगळं दार, रोज वेगळी भाकर. आश्चर्य म्हणजे छाती फाटली नाही. खोकला होता, पण तो आता कामाच्या मधे येऊन बाजूला उभा राहायचा आणि जायचा. शीला बायकांत बसून पत्रावळी लावायला शिकली होती आणि वाडीतल्या कुठल्या सासूचं कुठल्या सुनेशी पटत नाही, हे सगळं तिला पाठ झालं होतं. तुळई मात्र रस्त्याच्या कडेला जिथल्या तिथं. शेळ्या तिच्यावर उड्या मारायच्या, बबन येता-जाता तिच्यावर टेकायचा. तिचं नाव कुणी काढत नव्हतं.

चंदेरीवर ढग जमायला लागले. वारा फिरला. विक्रांतचा फोन आला, "काका, रविवारी सकाळी नक्की. सहीचं पेन मी आणतो." तो गमतीत बोलला, पण बबननं हातातला घास खाली ठेवला.

"अहो, विचारा ना त्यांना," शीला म्हणाली. "तोंडानं सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

"सावडीत विचारतात का, मला माहीत नाही. एकदा चुकलोय. आता आपणहून तोंड उघडायचं नाही."

"आणि नाही आले तर?"

नाही आले तर टेप जाणार होतं. बेहडा, ते पाणी, ती शांतता, सगळं कुणा फार्महाऊसवाल्याच्या कुंपणात. तरी त्यानं विचारलं नाही.

रविवारी तो उजाडता उजाडता वाडीत आला. एकही माणूस बाहेर दिसेना. दारं लोटलेली. आभाळ खाली उतरलं होतं. बबन तुळईवर जाऊन बसला आणि शीला त्याच्या शेजारी. विक्रांत बाइकवरून आला, हेल्मेट काढलं, वर टेपाकडं बघितलं.

"छप्पर, काका?"

"नाही," बबन म्हणाला.

विक्रांतलाही बरं वाटलं नाही. तो म्हणाला, "पार्टीला यायला वेळ आहे अजून. चहा घेऊ कुठं तरी."

तेवढ्यात चांगोचं दार वाजलं. तो तंबाखू मळत बाहेर आला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं.

"उठ रं आढ्यावरनं!" तो बबनला म्हणाला. "रोज बघतो, येऊन बसतोस. अंडी उबवतोस काय?"

त्याच्यामागून दुसरं दार उघडलं. मग तिसरं. दोर घेऊन, बांबू घेऊन, खांद्यावर गोणपाटाच्या घड्या टाकून माणसं बाहेर यायला लागली. ज्या म्हातारीची लाकडं बबननं रचली होती, ती नारळ घेऊन आली. एवढी माणसं त्या वाडीत राहतात, हे बबनला ठाऊकच नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि शीलानं त्याचा दंड धरला.

चांगोनं उंचीप्रमाणं माणसं लावली, ठेंगणी पुढं, उंच मागं. बबनला मधे घेतलं, स्वतःच्या शेजारी. "घे रं... घे!" आवाज उठला आणि ज्या लाकडानं त्याला धुळीत बसवलं होतं ते लाकूड सरळ वर आलं. खांद्यावर भार पडला. पण तो एकट्याचा नव्हता. तो भार मागून पुढं, पुढून मागं फिरत होता. एकाचा पाय घसरला की तो दुसऱ्याच्या खांद्यावर जायचा, सावरला की परत यायचा. बबन फिटर होता. वजन कसं वाटलं जातं हे त्याला माहीत होतं, पण ते असं अंगातून जाताना त्यानं कधी अनुभवलं नव्हतं.

पहिल्या चढाला मागची बाजू खचली. साईनाथ ओरडला. बुधीनं रस्त्याकडं बघितलं. तिथं विक्रांत हेल्मेट घेऊन उभा होता.

"ओ पाव्हणं! हात लावता, का मुहूर्त बघताव?"

विक्रांतनं हेल्मेट टाकलं आणि नव्या शर्टासकट तुळईखाली शिरला.

वाट झाडांतून वळत वळत जात होती. बेहड्यापाशी वळण इतकं आवळतं होतं की लांब लाकूड फिरेना. फांदी तोडली असती तर फिरलं असतं. चांगोनं कोयत्याला हात घातला, बबनकडं बघितलं, आणि कोयता परत अडकवला.

"उभं करा," तो म्हणाला.

दोर बांधले. खालचं टोक दगडाला अडवलं आणि सगळ्यांनी मिळून तुळई उभी केली. ती वर गेली, पानांत शिरली, आभाळाला टेकली. कोण जाणे किती वर्षांपूर्वी कापलेलं, घर सांभाळून भंगारात निघालेलं ते लाकूड क्षणभर परत झाड होऊन बाकीच्या झाडांत उभं राहिलं. माणसांनी दोर ताणून धरले होते. वरून पाखरं उडाली. मग खालच्या टोकावर फिरवून त्यांनी ते हळूच पलीकडं उतरवलं. एक पानसुद्धा तुटलं नाही.

मधल्या खांबांच्या डोक्यावर बबननं लोखंडाच्या खाचा जोडून ठेवल्या होत्या. बांबूच्या कैचीनं आढं वर चढलं, खाचांत बसलं, आणि "ठक्" असा आवाज झाला. म्हातारीनं नारळ पुढं केला आणि अडखळून बबनकडं बघितलं.

"तुम्ही तुमचं करा, आजी," बबन म्हणाला. "आम्ही आमचं म्हणतो."

तिनं वाघोबाच्या नावानं नारळ फोडला. शीलानं हात जोडून त्रिशरण म्हटलं, बबननं तिच्या मागोमाग. खोबऱ्याचा तुकडा दोन्हीकडच्यांनी खाल्ला. मग वासे चढले, पत्रे हातोहात वर गेले, आणि उन्हं कलायच्या आत टेपावर छप्पर होतं. बबन त्याच्याखाली जाऊन उभा राहिला. त्यानं पत्र्याकडं बघितलं, माणसांकडं बघितलं, आणि त्याला कशाचाच थांग लागेना.

विक्रांत खांबाला टेकून धापा टाकत होता. त्याच्या शर्टाचा खांदा फाटला होता आणि आतलं कातडं सोललं होतं.

"काका," तो हळूच म्हणाला, "किती घेतले ह्यांनी?"

"पावसाळाभर."

"काय पावसाळाभर?"

"लावणी, बेणणी, कापणी. सगळ्यांच्या खाचरात. मी आणि तुझी काकी."

"म्हणजे तुम्हाला इथंच राहावं लागणार."

"मग? एवढ्यांचं अंगावर घेऊन कुठं जाणार?"

चांगो घाम पुसत जवळ आला. त्यानं विक्रांतचा सोललेला खांदा बघितला, त्यावर दोन बोटं ठेवली, आणि विक्रांत कळवळला.

"तुला आमी बलावला नव्हता, तरी आलास," चांगो म्हणाला. "मंग तुजी पन सावड लागली. आढं आपलं सगळ्यांचं चढलं. लावणीला ये. बूट घालून येऊ नको."

विक्रांतचा फोन वाजला. पार्टी खाली वाडीत येऊन थांबली होती, वर यायचा रस्ता विचारत होती. विक्रांत फोन कानाला लावून छपराकडं बघत राहिला, मग बेहड्याकडं, मग खाली बारवीच्या पाण्याकडं. तो ह्या टेपावर पहिल्यांदाच चढला होता.

"हां साब... नहीं, आप निकलो. नहीं देना है," तो म्हणाला. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. विक्रांतनं तो ऐकून घेतला. "अरे साब, क्या बताऊं. मेराही इधर काम बाकी है."